किनाऱ्यावरच्या बाया कुठे गेल्या?

दिवाळी होऊन पंधरा-वीस दिवस झाले होते. पिंपळगाव राजाच्या शिवारात कापसाची वेचणी जोरात सुरू होती, म्हणून बचत गटाची बैठक रात्री साडेआठला ठेवली होती. दिवसभर वाकून आलेल्या बाया, कोणी कमरेला हात लावून भिंतीला टेकलेली, कोणी बोंडाच्या टोकांनी ओरखडलेल्या बोटांना तेल चोळणारी. बैठक सुरू होण्याआधी एकीने मोबाइल काढला. गावातल्या एका कृषी केंद्राचे मालक बियाणे कंपनीच्या टूरला गेले होते. मुंबईहून मोठ्या जहाजात बसून लक्षद्वीपला. तिथून त्यांनी गावाच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकला होता.

पांढरी वाळू, हिरवेनिळे पाणी, माडांची रांग. एकसारखे टी-शर्ट घातलेले पन्नासेक पुरुष, सगळ्यांच्या छातीवर कंपनीचे नाव. कोणी पाण्यात उड्या मारत होते, कोणी शहाळे हातात धरून फोटो काढून घेत होते. मग रात्रीचे जहाज, दिव्यांची रोषणाई, कर्कश गाणे आणि स्टेजवर तोकड्या कपड्यांत नाचणाऱ्या मुली. बाया हसल्या. "बाप्पा, काय पानी हाये!" कोणीतरी म्हणाली. एका तरुण सुनेने लाजून तोंडाला पदर लावला.

व्हिडिओ संपला तेव्हा कोपऱ्यात बसलेली आमची एक मैत्रीण बोलली. सात वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याने कीटकनाशक पिऊन आत्महत्या केली. ती एरवी बैठकीत फारशी बोलत नाही. ती म्हणाली, "ताई, समुद्र दिसला, जहाज दिसलं, नाचनाऱ्या पोरीबी दिसल्या. पन तिथं राह्यनाऱ्या बाया कुठी हायेत? त्या गावात बायाच नाईत का?"

मी एम.एस.डब्ल्यू. झाले आहे. दहा-बारा वर्षे या भागात काम करते आहे. मला हा प्रश्न पडला नव्हता. तिला पडला. म्हणून हा लेख.

टूर कोणाच्या पैशाची?

गावात सगळे म्हणतात की टूर 'फुकट' होती. आधी या फुकटचा हिशेब मांडू.

बियाणे, खते आणि औषधे विकणाऱ्या कंपन्या दुकानदाराला उद्दिष्ट ठरवून देतात. इतकी पाकिटे, इतके लिटर औषध खपवा आणि गोवा घ्या. त्याहून जास्त खपवा आणि थायलंड घ्या. आता जहाज घ्या. हे उद्दिष्ट आमच्या शेतात पुरे होते. शेतकरी एक औषध मागायला जातो आणि तीन घेऊन येतो. खताची टंचाई असली की खतासोबत नको असलेली बाटली गळ्यात मारली जाते. याला बाजारात 'लिंकिंग' म्हणतात आणि ते सगळ्यांना माहीत आहे. दुकानदार राक्षस आहे असे मी म्हणत नाही. त्याच्याही डोक्यावर कंपनीचा माणूस बसलेला असतो. पण जहाजाचे तिकीट शेवटी कोणाच्या घामातून फाटते, हे सांगायला नको का?

आमच्या गटाने त्या रात्री पाटीवर आकडे लिहिले. बीटी कपाशीच्या ४७५ ग्रॅमच्या पाकिटाची सरकारने ठरवलेली कमाल किंमत २०२५ च्या खरिपात ९०१ रुपये होती. एकराला दोन पाकिटे धरली तर १८०२ रुपये. आमच्याकडे वेचणीला किलोमागे दहा रुपये मिळाले. हात चालणारी बाई दिवसाला तीस-पस्तीस किलो वेचते. म्हणजे एका पाकिटासाठी एका बाईने जवळजवळ तीन दिवस वेचले पाहिजे. एकराच्या बियाण्यासाठी सहा दिवस. त्यात खत नाही, फवारणी नाही, निंदण नाही, तिच्या पोटातली भाकर नाही.

आता दुसरा हिशेब. आमच्या त्या मैत्रिणीच्या नवऱ्याची उधारी अशाच एका दुकानात होती. विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांमुळे २००६ मध्ये पंतप्रधानांचे पॅकेज जाहीर झाले. त्यात अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम, वर्धा यांच्याबरोबर आपला बुलढाणा जिल्हाही होता. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला एक लाखाची मदत देण्याचा नियम राज्यात आहे. पण कर्ज बँकेचे, सोसायटीचे किंवा परवानाधारक सावकाराचे असेल तरच प्रकरण 'पात्र' ठरते. कृषी केंद्राच्या वहीतली उधारी हे या नियमाच्या लेखी कर्जच नाही. नवरा मेला तो त्या उधारीने, आणि कागदावर ती उधारी अस्तित्वातच नव्हती! ती मात्र तिने पाच हंगाम वेचणी करून फेडली.

आणि तिसरी बाई कोण? दुकानदाराची बायको. टूर एकट्या पुरुषांची होती. हे पाच दिवस गल्ल्यावर तीच बसली. परवान्यावर तिचे नाव नाही, बिलावर तिची सही चालत नाही, पण औषधाचा वास तिच्याही छातीत जातो. तिला मी विचारले, "वहिनी, तुम्ही का नाही गेलात?" त्या म्हणाल्या, "बायकांले नेत नाईत त्या टूरले. अन् नेलं असतं तरी दुकान कोन पाह्यलं असतं?"

लीला दुबे यांचा 'सीड अँड अर्थ' हा निबंध मी कॉलेजात वाचला होता. पुरुष म्हणजे बीज, बाई म्हणजे शेत. पीक ज्याचे बीज त्याचे, आणि शेताने फक्त सोसायचे. ही प्रतिमा आपल्या समाजात किती खोल रुजली आहे आणि तिच्या आडून बाईचा अपत्यावरचा व मालमत्तेवरचा हक्क कसा नाकारला जातो, हे त्यांनी १९८६ मध्ये मांडले. पिंपळगावात ते मला रोज दिसते. बियाण्याची टूर निघते. शेताची टूर कधी निघत नाही.

जिथे घर बाईचे असते

आता मैत्रिणीच्या प्रश्नाकडे. त्या बेटांवर बाया आहेत का?

आहेत. आणि तिथे त्यांचे जे स्थान आहे ते आपल्याला स्वप्नातही दिसत नाही. मराठी घरात वाढलेल्या, नागपूरला शिकलेल्या याच लीला दुबे यांनी लक्षद्वीपमधल्या कल्पेनी बेटावरच्या समाजाविषयी १९६९ मध्ये 'मॅट्रिलिनी अँड इस्लाम' हे पुस्तक लिहिले. हा समाज मुसलमान आहे आणि मातृवंशीयही आहे. घराणे आईकडून चालते. त्याला 'तारवाड' म्हणतात. तारवाडाची मालमत्ता आईकडून मुलीकडे जाते. लग्न झाल्यावर मुलगी सासरी जात नाही. ती आईच्याच घरी राहते. नवरा रात्री येतो आणि सकाळी आपल्या आईच्या घरी परततो. आपल्याकडे बाई माहेरी पाहुणी आणि सासरी परकी. तिथे नवराच बायकोच्या घरी पाहुणा!

हे चित्र रंगवून सांगण्याची गरज नाही. तारवाडाचा कारभार बहुधा मामाच्या, म्हणजे पुरुषाच्याच हाती असे. काळाबरोबर ही पद्धतही सैल झाली. नवरा-बायको-मुले असे वेगळे संसार झाले, बापाची वेगळी मालमत्ता आली. तरीही, घरातून हाकलून दिली जाण्याची भीती नसलेली बाई ही काय चीज असते, ते आपल्यासारख्या, कौटुंबिक हिंसाचाराच्या केसेस हाताळणाऱ्या बायकांना कळते. नवऱ्याने रात्री दोन वाजता घराबाहेर काढलेली, मुलांना घेऊन एसटी स्टँडवर बसलेली बाई आपण सगळ्यांनी पाहिली आहे. कल्पेनीच्या बाईला ते ठाऊक नव्हते, कारण घर तिचे होते.

आणि तो व्हिडिओत दिसणारा किनारा? तो पिढ्यान्‌पिढ्या तिथल्या बायकांची कामाची जागा होता. नारळाची सोडणे किनाऱ्याच्या उथळ पाण्यात, वाळूच्या खड्ड्यांत महिनोन्‌महिने कुजत ठेवायची, वर दगड ठेवायचे, ओहोटीला जाऊन ती काढायची, लाकडी सोट्याने झोडपून काथ्या सोडवायचा आणि दोरी वळायची. हे बायकांचे काम. त्या दोरीवर बेटांचे पोट चाले. इंग्रजांच्या काळात सरकार काथ्या घेऊन बदल्यात तांदूळ देई. ओहोटीला खडकांत शिरून ऑक्टोपस आणि शिंपले गोळा करणे, हेही बायकांचे. आपल्या नदीकाठी धुण्याची जागा, विहिरीचा पाणवठा जसा बायकांचा, तसा तो किनारा.

मग जहाज येते तेव्हा त्या का दिसत नाहीत?

जहाजाचा मुक्काम कसा असतो ते पाहा. बेटाभोवतीचा लगून उथळ असतो, म्हणून मोठे जहाज खोल पाण्यात थांबते. लहान होड्यांतून माणसे किनाऱ्यावर आणली जातात. आधी ठरवलेल्या तुकड्यावरच त्यांना उतरवतात. पोहणे, काचेच्या तळाची होडी, जेवण, जमल्यास एखादा नाच, आणि संध्याकाळच्या आत परत. झोपायचे जहाजावर, प्यायचे जहाजावर, खरेदी जहाजावर. सरकारी जहाजांच्या सहली बऱ्याच वर्षांपासून अशाच चालत आल्या आहेत. २०२१ च्या सप्टेंबरात मुंबईहून खाजगी कंपनीचे मोठे क्रूझ सुरू झाले, आणि तेव्हापासून हा धंदा मोठा झाला. मुंबईतून ३० सप्टेंबर २०२४ रोजी केंद्र सरकारने 'क्रूझ भारत' मोहीम जाहीर केली. पाच वर्षांत, म्हणजे २०२९ पर्यंत, क्रूझ प्रवाशांची संख्या दुप्पट करायची आहे.

पाहुण्याला बेट दाखवायचे, पण गाव दाखवायचे नाही, अशी ही रचना आहे. सोडणे कुजतात तिथे वास येतो. वास आला की फोटो बिघडतो. बाई काम करताना दिसली की सुट्टीची मजा जाते. म्हणून किनारा रिकामा हवा. आमची मैत्रीण ज्यांना शोधत होती त्या बाया कॅमेऱ्याच्या मागे, माडांच्या पलीकडे, त्यांच्या स्वतःच्या घरी होत्या. वर्षातून एकदा येणाऱ्या पन्नास पुरुषांच्या गोंगाटात कोणती बाई आपल्या पाणवठ्यावर येईल?

या बेटांचे एकूण क्षेत्रफळ ३२ चौरस किलोमीटर. २०११ च्या जनगणनेत वस्ती होती ६४,४७३, म्हणजे आपल्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. माणसे राहतात ती बेटे दहाच. पर्यटकांसाठी राखलेल्या बंगारामसारख्या बेटाचा अपवाद सोडला तर तिथे दारूबंदी होती. २०२१ मध्ये नव्या प्रशासकांच्या काळात विकासाच्या नावाने नवे कायदे येऊ घातले. कोणाचीही जमीन विकासासाठी घेण्याची मुभा देणारे प्राधिकरण, दोनपेक्षा अधिक मुले असणाऱ्यांना पंचायतीत उभे राहायला बंदी, पर्यटनासाठी दारूचे परवाने. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांच्या झोपड्या पाडल्या गेल्या. ७ जून २०२१ रोजी बेटांवरच्या लोकांनी आपापल्या घरी बारा तासांचे उपोषण केले. बायका घराच्या दारात फलक घेऊन बसल्या. चेतलत बेटाची चित्रपट दिग्दर्शिका आयेशा सुलताना टीव्हीवर प्रशासनाविरुद्ध बोलली म्हणून तिच्यावर राजद्रोहाचा गुन्हा दाखल झाला.

म्हणजे बाया होत्या. दारात फलक घेऊन बसल्या होत्या. पण त्यांचा व्हिडिओ आमच्या गावच्या ग्रुपवर आला नाही.

किनारा रिकामा कसा करतात

लक्षद्वीपला निदान बाईच्या पायाखाली तिची जमीन आहे. जिथे तीही नाही तिथे काय होते, ते गोव्यात पाहावे.

गोव्यात क्रूझ जहाजे मुरगाव बंदराला लागतात. बंदराच्या जवळच बायणाचा किनारा आहे. बंदराच्या आश्रयाने तिथे वेश्यावस्ती वाढली. आंध्र आणि कर्नाटकातून आलेल्या, कित्येक तर देवदासी म्हणून सोडलेल्या बाया तिथे राहत होत्या. जहाजे येत होती, खलाशी येत होते, पर्यटक येत होते, तोवर वस्ती कोणाला खुपली नाही. १४ जून २००४ रोजी, ऐन पावसाळ्याच्या तोंडावर, बायणावर बुलडोझर फिरले. धंदा करणाऱ्या बायांच्या खोल्यांबरोबर मोलमजुरी करणाऱ्या साध्या कुटुंबांची घरेही गेली. पुनर्वसन कागदावर. येणारा पुरुष कुठेच गेला नाही. तो दुसऱ्या किनाऱ्यावर गेला, एवढेच. 'गलिच्छ वस्ती हटली' म्हणून तेव्हा समाधान मानणाऱ्यांत आपल्यासारख्या सुशिक्षित, चळवळीच्या बायकाही होत्या, हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवे.

एम.एस.डब्ल्यू.च्या अभ्यास दौऱ्यात मी उत्तर गोव्याच्या एका किनाऱ्यावर गेले होते. आरसे लावलेल्या पिशव्या, मण्यांच्या माळा विकणाऱ्या लमाणी बाया वाळूतून फिरत होत्या. लांबून गस्तीची गाडी दिसली आणि त्या पळत सुटल्या. डोक्यावर गाठोडे, कडेवर पोर. आमच्याबरोबर मेहकर भागातल्या तांड्यावरची एक विद्यार्थिनी होती. तिने त्यांच्या पाठीमागून गोरमाटीत हाक मारली. पळता पळता एक बाई थबकली. वळून पाहिले, हसली आणि पुन्हा पळाली. आमची मैत्रीण नंतर किती तरी वेळ रडत होती. "ती माझी मावशी असू शकली असती," एवढेच म्हणाली.

तिला का पळावे लागले? गोव्यातल्या पर्यटन स्थळांविषयीच्या २००१ च्या कायद्यात किनाऱ्यावर फिरून विकणे हा 'उपद्रव' ठरवला आहे, आणि २०२५ च्या दुरुस्तीने दंड आणखी वाढवले. दुसरीकडे २०१४ चा पथविक्रेता कायदा म्हणतो की विक्रेत्याला उपजीविकेचा हक्क आहे, शहराच्या विक्रेता समितीत किमान ४० टक्के विक्रेत्यांचे प्रतिनिधी असावेत आणि त्यांत एक तृतीयांश बाया असाव्यात. एकच देश. रस्त्यावर ती विक्रेती आणि वाळूवर ती उपद्रव!

जगात तर यापुढची पायरी गाठली आहे. हैती हा वेस्ट इंडीजमधला अतिशय गरीब देश. तिथल्या उत्तर किनाऱ्यावरचा लाबादी नावाचा तुकडा एका अमेरिकी क्रूझ कंपनीने १९८० च्या दशकात भाड्याने घेतला, भोवती कुंपण घातले आणि आपल्या प्रवाशांसाठी राखून ठेवला. १२ जानेवारी २०१० रोजी हैतीत महाभयंकर भूकंप झाला. राजधानीत प्रेते उचलायला माणसे उरली नव्हती. तिसऱ्या दिवशी, १५ जानेवारीला, त्या कंपनीचे जहाज ठरल्याप्रमाणे लाबादीला लागले आणि प्रवासी वाळूत उतरले. जहाजातून मदतीचे सामानही आणले होते, असे कंपनीने सांगितले, आणि ते खरे होते. पण कुंपणाच्या आत सुट्टी आणि बाहेर मरण असे एकाच किनाऱ्यावर शेजारी शेजारी नांदू शकते, हेही त्या दिवशी खरे ठरले.

लक्षद्वीप, बायणा, लाबादी. तिन्ही ठिकाणी युक्ती एकच. आधी किनारा तिथल्या माणसांपासून सोडवायचा, मग तो 'स्वच्छ' आणि 'निर्जन' म्हणून विकायचा. आणि किनाऱ्यावर सगळ्यात जास्त वेळ ज्या असतात, पाणी, सरपण, मासळी, फेरीचा माल घेऊन, त्या बायाच आधी हटवल्या जातात.

जहाजाच्या पोटातली बाई

व्हिडिओत दिसणारी एकच बाई होती, नाचणारी. तिच्याविषयीही बोलले पाहिजे.

बैठकीत दोघीतिघींनी सुचवले की ताई, असले नाच बंद करा म्हणून आपण तहसीलला निवेदन देऊ. त्यांचा राग मला समजतो. नवरे हा व्हिडिओ पारावर बसून पाहतात आणि घरी येऊन बायकोच्या रापलेल्या तोंडाकडे पाहून टोमणे मारतात. पण भगिनींनो, राग योग्य असला तरी पत्ता चुकतो आहे. ती मुलगी तिथे मजुरी करते. आपण कापूस वेचतो, ती नाचते. कंपनीला तिच्याबद्दल जितकी आस्था आहे तितकीच आपल्याबद्दल आहे.

जहाजावर तिच्यासारख्या आणि तिच्याहून न दिसणाऱ्या कितीतरी असतात: खोल्या झाडणाऱ्या, चादरी बदलणाऱ्या, ताटे उचलणाऱ्या. अनेक बड्या क्रूझ कंपन्या आपली जहाजे बहामा, पनामा अशा देशांत नोंदवतात. तिथे कर कमी आणि कामगार कायदे सैल. २००६ च्या आंतरराष्ट्रीय सागरी कामगार कराराने खलाशांना संरक्षण दिले, भारतानेही २०१५ मध्ये तो स्वीकारला. पण त्यात तासांची मर्यादा दोन प्रकारे घालता येते. एक, आठवड्याला जास्तीत जास्त ७२ तास काम. दुसरा, आठवड्याला कमीत कमी ७७ तास विश्रांती. दुसऱ्या प्रकाराने हिशेब केला तर आठवड्याला ९१ तास काम कायदेशीर ठरते. आठ तासांच्या दिवसासाठी कामगारांनी रक्त सांडले, आणि समुद्रावर हे चालते!

फेब्रुवारी २०२० मध्ये जपानच्या योकोहामा बंदरात 'डायमंड प्रिन्सेस' हे जहाज करोनामुळे अडकवून ठेवले होते. त्यावर ३,७११ माणसे होती. प्रवाशांना आपापल्या खोलीत राहायला सांगितले. मग त्यांच्या दाराशी जेवण कोण पोचवत होते? कर्मचारी. त्यांत १३२ भारतीय होते. तेही माणसेच होती, त्यांनाही लागण होत होती, आणि ते एकाच खोलीत दोघे-तिघे झोपत होते.

आणि एखाद्या कर्मचारी बाईवर जहाजात अत्याचार झाला तर तिने कुठे जायचे? जहाजाचा झेंडा एका देशाचा, मालक दुसऱ्या देशाचा, ती तिसऱ्या देशाची आणि घटना घडली ती भर समुद्रात. अमेरिकेने २०१० मध्ये कायदा करून तिथे येणाऱ्या क्रूझ जहाजांवर लैंगिक अत्याचाराची नोंद व तक्रार सक्तीची केली आणि असे आकडे लोकांसमोर ठेवणे भाग पाडले. 'क्रूझ भारत'चा गाजावाजा करणाऱ्यांनी प्रवासी दुप्पट करण्याआधी हे बंधन घालावे, ही आपली मागणी असली पाहिजे.

खामगाव-शेगावकडच्या कॉलेजातल्या मुली आता मला विचारतात, "ताई, जहाजावर नोकरी करू का?" मी नाही म्हणत नाही. मुलीने समुद्र का पाहू नये? फक्त दोन गोष्टी सांगते. भरती करणाऱ्या एजंटाकडे जहाजवाहतूक महासंचालनालयाचा परवाना आहे का ते तपास. आणि नोकरी लावण्यासाठी त्याने पैसे मागितले तर तिथूनच परत फीर, कारण खलाशाकडून असे पैसे घेणे बेकायदा आहे. गेल्या साली आमच्याकडच्या एका घराने म्हैस विकून अशा एजंटाला पैसे दिले. मुलगी अजून घरीच आहे. म्हैस गेली.

मग काय करायचे?

आपल्या गटांत या विषयावर बोला, असे म्हणून मी थांबणार नाही. आम्ही पिंपळगावात जे ठरवले ते सांगते.

पहिले, पक्के बिल. येत्या खरिपात गटातली प्रत्येक बाई बियाण्या-औषधाचे पक्के बिल मागेल, उधारी असली तरी. नको असलेला माल गळ्यात मारला तर तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार एकीने एकटीने न देता गटाने द्यायची. उधारीला कागद असेल तर उद्या कोणा विधवेला निदान दाखवायला काही असेल. दुकानाच्या उधारीलाही मदतीच्या नियमात कर्ज म्हणून धरावे, अशी मागणी आम्ही ग्रामसभेत ठराव म्हणून मांडणार आहोत. तुमच्या गावातही मांडा.

दुसरे, सातबारा. जिच्या नावावर जमीन तिच्या नावावर बिल, आणि घरावर दोघांची नावे. कल्पेनीच्या बाईपासून शिकायचे ते हेच. नवऱ्याने रात्रीच यावे असे मी म्हणत नाही, पण सकाळी घराबाहेर काढण्याचा हक्क मात्र त्याला नको!

तिसरे, नैतिकतेच्या सापळ्यात पडायचे नाही. गोव्यातल्या 'बायलांचो साद'सारख्या गटांनी १९८० च्या दशकापासून पर्यटनाच्या जाहिरातींतल्या बाईच्या चित्रणाविरुद्ध आवाज उठवला, आणि त्याच वेळी किनाऱ्यावरच्या बाईच्या जगण्याचा प्रश्नही सोडला नाही. पोस्टर फाडणे सोपे. लमाणी बाईला वाळूवर बसायला जागा मिळवून देणे अवघड. आपण अवघड काम धरायचे. पथविक्रेत्यांना जे हक्क रस्त्यावर आहेत ते किनाऱ्यावर आणि तीर्थक्षेत्रातही मिळाले पाहिजेत.

कारण हे सगळे दूर समुद्रावर घडते आहे असे समजू नका. आपले लोणार २०२० मध्ये रामसर यादीत आले. शेगावला भाविकांची रीघ आहेच. उद्या लोणारच्या काठावर मोठ्या गाड्या थांबतील, दोन तास सरोवर दाखवतील आणि निघून जातील. सरोवराकाठी लाकडे वेचणारी, बोरे-चिंचा विकणारी, शेळ्या चारणारी बाई तेव्हा त्या फोटोत असेल का? की तिलाही कोणी 'उपद्रव' म्हणेल?

चौथे, आणि हे बायांनीच सुचवले. गटाच्या बचतीतून आपणही सहल काढायची. जहाजाची नव्हे, एसटीची, आणि जिथे जाऊ तिथे आधी तिथल्या बायांच्या गटाला पत्र पाठवायचे. त्यांच्या घरी भाकरी खायची, त्यांचे काम पाहायचे, आपले सांगायचे. एका म्हातारीने विचारले, "समुद्रबी पाह्यचा ना पन?" पाहायचा. का पाहायचा नाही? समुद्र काय एकट्या दुकानदाराच्या बापाचा आहे?

त्या रात्री बैठक साडेअकराला संपली. आमची ती मैत्रीण निघताना मला म्हणाली, "ताई, त्या बेटावरच्या बायायले एक पत्र लिहा. म्हनावं, तुमचा दर्या आमी पाह्यला. आता तुमाले पाह्यचं हाये."

पत्र लिहिले आहे. कोणत्या गटाला पाठवायचे ते अजून सापडलेले नाही. वाचणाऱ्या मैत्रिणींपैकी कोणाची लक्षद्वीपमधल्या बायांशी ओळख असेल तर या अंकाच्या संपादक मंडळाकडे कळवा. आमच्या गटाचे उत्तर तयार आहे. त्यांचा प्रश्न आला की पाठवू.